सूचनाफलकावरील कागद

या सदरातून आजवर आपण बहुधा ग्रंथ, शब्द आणि शाळा यांच्याविषयीच बोलत आलो आहोत. या महिन्यात मी व्हीपीएन नावाच्या संगणकीय व्यवस्थेविषयी आणि तिच्यातील दोषांबद्दल निघणाऱ्या सूचनांविषयी लिहिणार आहे, हे वाचून काही वाचक बुचकळ्यात पडतील. मुख्याध्यापकाने आपला फळा सोडून हे काय आरंभिले, असेही कोणी म्हणतील. त्यांना प्रथमच सांगून ठेवतो की विषय यंत्राचा दिसत असला तरी तो मूळचा भाषेचा आहे, आणि भाषेहूनही अधिक प्रामाणिकपणाचा आहे.

आरंभ माझ्याच एका अपराधापासून करतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी ज्या शाळेवर होतो, तेथे पावसाळ्यात टाकीचे पाणी गढूळ येऊ लागले. नळ कोठेतरी फुटला असावा, असा शिपायाचा तर्क होता. मी सूचनाफलकावर कागद लावला. पाणी किंचित गढूळ आहे, काळजीचे कारण नाही, अशा अर्थाची दोन वाक्ये त्यावर होती. पाण्याची तपासणी झालेली नव्हती. पालकांत घबराट पसरू नये, एवढाच माझा हेतू होता. आठवड्याभरात तीन मुलांना कावीळ झाली, आणि डॉक्टरांनी पाण्याकडेच बोट दाखविले. मी तत्काळ दुसरा कागद लिहिला, पाणी पिण्यास अयोग्य असल्याचे मोठ्या अक्षरांत कळविले, आणि पहिला कागद काढून फाडून टाकला. दुसऱ्या दिवशी त्या तिघांपैकी एका मुलाची आई आली. ती रागावलेली नव्हती. फलकापुढे क्षणभर उभी राहून तिने एवढेच विचारले, "सर, आधीचा कागद कुठं गेला?" मला उत्तर देता आले नाही. मुले सुदैवाने बरी झाली. पण तो प्रश्न माझ्याजवळ राहिला.

तो पुन्हा वर आला माझ्या पुतण्यामुळे. करोनाच्या काळात, २०२० साली, परगावी नोकरीस असलेली आपल्याकडील कितीतरी मुले घरी परतली आणि ओसरीवर, माडीवर, मिळेल त्या कोपऱ्यात टेबल मांडून कचेरीचे काम करू लागली. पुतण्या त्यांतलाच. कंपनीची यंत्रे सुरक्षित ठेवणे हे त्याचे काम, आणि त्यातला मोठा भाग म्हणजे सुरक्षाविषयक सूचना वाचणे. एका संध्याकाळी तो म्हणाला, "काका, आम्ही दिवसभर या सूचना वाचतो. कोणती खरी मानायची आणि कोणती नाही, हे तुम्ही मराठीचे मास्तर म्हणून एकदा सांगा." त्याने चेष्टेने म्हटले असेल, मी मात्र त्याच्याकडून सारे नीट समजावून घेतले.

प्रथम व्हीपीएन म्हणजे काय ते पाहू. कचेरीतील कागदपत्रे ज्या संगणकांवर असतात, ते आपल्या घरापासून शेकडो मैल दूर असतात. मधला रस्ता, म्हणजे इंटरनेट, सार्वजनिक. त्या रस्त्याने कचेरीचा व्यवहार उघड्यावर नेण्याऐवजी कुलूपबंद पेटीतून न्यावा, ही व्हीपीएनमागील कल्पना होय. पेटी घरच्या संगणकावर बंद होते आणि कचेरीच्या दाराशी असलेल्या एका यंत्रात उघडते. जुन्या वाड्यांना देवडी असे आणि देवडीवर पहारेकरी बसे. हे यंत्र म्हणजे तो पहारेकरी. त्याला चोवीस तास रस्त्याकडे तोंड करून बसावे लागते. कोणाला आत सोडावयाचे हे तोच ठरवितो, आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाची ओळख त्याच्या हातून जाते. यास्तव इतर एखाद्या संगणकात दोष निघाला तर एका खोलीचे नुकसान होते. देवडीवरचा पहारेकरी फितला तर सारा वाडा उघडा पडतो.

अशा यंत्राच्या घडणीत एखादी फट सापडली की तिच्याविषयी सूचना निघते. कोणत्या आवृत्तीत फट आहे, तिच्यातून कोणती हानी संभवते आणि उपाय काय, एवढे तीत असावे लागते. प्रत्येक फटीला एक क्रमांक मिळतो. सीव्हीई या नावाने ओळखली जाणारी ही नोंदवही अमेरिकेतील मायटर या संस्थेने १९९९ साली सुरू केली, तेव्हा तीत ३२१ नोंदी होत्या. २०२४ या एका वर्षात चाळीस हजारांवर नोंदींची भर पडली. फटीची तीव्रता सांगण्यासाठी शून्य ते दहा असे गुणही देतात. नऊ आणि त्यावरील गुण म्हणजे अत्यंत गंभीर. आपल्या देशात सर्ट-इन ही शासकीय संस्था २००४ पासून अशा सूचना प्रसृत करीत आली आहे.

आता मास्तराच्या नजरेला पहिल्याच वाचनात खटकणारी गोष्ट अशी की, सूचना लिहिणारा आणि गुण देणारा पुष्कळदा त्या यंत्राचा निर्माताच असतो. परीक्षार्थ्यानेच आपली उत्तरपत्रिका तपासावी, असा हा प्रकार. यात लबाडीच असते असे मुळीच नाही. यंत्राची रचना निर्मात्याइतकी दुसऱ्या कोणास ठाऊक नसते, म्हणून प्रथम त्यालाच विचारणे रास्त आहे. तथापि स्वतःच्या चुकीचे मोजमाप करताना माणसाचा हात नकळत आखडतो, हे माझ्या पाण्याच्या कागदावरून मला पुरते ठाऊक आहे.

याचे एक ठळक उदाहरण २०२५ सालचे आहे. इव्हान्टी या अमेरिकी कंपनीचे कनेक्ट सिक्युअर नावाचे व्हीपीएन-यंत्र जगभर वापरले जाते. ११ फेब्रुवारी २०२५ रोजी कंपनीने त्याची नवी आवृत्ती दिली. तीत काही जाहीर केलेल्या फटींचे उपाय होते. त्याबरोबरच आणखी एक दोष दुरुस्त केलेला होता, पण त्याला सुरक्षेचा क्रमांक दिलेला नव्हता. तो साधा दोष आहे, असे कंपनीचे अनुमान होते. त्या अनुमानाचे कारण समजून घेण्याजोगे आहे. अर्जावर नावासाठी एक चौकट आखलेली असावी, कोणी लिहिता लिहिता चौकटीबाहेर जावे, आणि बाहेर गेलेला मजकूर कारकुनाने साहेबाचा हुकूम समजून अमलात आणावा, अशा जातीचा तो दोष होता. मात्र या चौकटीत अंक आणि टिंब यांवाचून दुसरे अक्षर लिहिताच येत नव्हते. नुसत्या अंकांनी आणि टिंबांनी कोणी हुकूम तो काय लिहिणार, असा विचार झाला.

परीक्षागृहात पर्यवेक्षण केलेल्या कोणत्याही शिक्षकाने या विचाराला मान डोलावली नसती. बहुपर्यायी प्रश्नपत्रिका आली तेव्हा मुलांना बोलण्याची बंदी होती, लिहून देण्याची बंदी होती; तरी चार बोटांवर अख्खी उत्तरपत्रिका एका बाकावरून दुसऱ्या बाकावर गेलेली मी पाहिली आहे. साधन तोकडे आहे म्हणून करणारा थांबतोच असे नाही.

येथेही तेच घडले. ३ एप्रिल २०२५ रोजी कंपनीने जाहीर केले की त्या दोषातून परका मनुष्य कोणतीही ओळख न देता यंत्रावर आपले हुकूम चालवू शकतो. त्याला सीव्हीई-२०२५-२२४५७ हा क्रमांक आणि दहापैकी नऊ गुण मिळाले. मँडियंट या तपास करणाऱ्या संस्थेच्या मते मार्चच्या मध्यापासून त्याचा प्रत्यक्ष दुरुपयोग चालू होता, आणि हल्लेखोरांनी बहुधा फेब्रुवारीतील दुरुस्तीचाच अभ्यास करून ही वाट शोधली होती. म्हणजे औषध बाजारात आले, त्यावर रोगाचे नाव नव्हते, आणि ते नाव प्रथम चोरांनी वाचले. ज्यांनी फेब्रुवारीतच नवी आवृत्ती बसविली ते सुरक्षित राहिले. परंतु ज्यांनी जाहीर झालेल्या फटींची यादी पाहून घाई किती करावयाची हे ठरविले, त्यांची काय चूक? त्या यादीतील मोठ्या फटींचा उपयोग करावयास हल्लेखोरापाशी आधी आत येण्याचा परवाना असावा लागत होता. परवान्याविना उघडणारी फट यादीत नव्हतीच.

पुतण्या म्हणाला, "काका, आमच्याकडे ते यंत्र नव्हतं. पण असतं, तर मीही पुढच्या सुट्टीपर्यंत थांबलो असतो." त्याचे हे बोलणे मला फार महत्त्वाचे वाटले. कामावरची यंत्रे कधी बंद ठेवून दुरुस्त करावयाची, हे सूचना वाचूनच ठरते. सूचनेतील एक विशेषण सौम्य झाले की कोठेतरी एक दुरुस्ती चार आठवडे पुढे जाते.

याच्या उलट बाजूचीही चूक असते. कर्ल हे व्हीपीएन नव्हे. इंटरनेटवरून माहिती नेण्या-आणण्याचे ते एक लहानसे साधन आहे, पण अब्जावधी उपकरणांत बसलेले आहे. त्याचे प्रमुख कर्ते स्वीडनमधील डॅनियल स्टेनबर्ग. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्यांना आढळले की त्यांच्या साधनातील एका जुन्या चुकीला कोणीतरी परस्पर सीव्हीई क्रमांक मिळविला आहे, आणि अमेरिकी शासनाच्या राष्ट्रीय कोशाने तिला दहापैकी ९.८ गुण दिले आहेत. चूक कोणती? पुन्हा प्रयत्न करण्यापूर्वी किती थांबावे, या जागी कोणी अवाढव्य संख्या लिहिली तर साधन सांगितल्याहून कमी थांबत असे. ती २०१९ सालीच दुरुस्त झाली होती. स्टेनबर्ग यांनी जाहीर निषेध केला; पुढे गुण ३.३ वर आले आणि नोंदीपुढे विवादित असा शेरा पडला. पहिल्या प्रकरणात परीक्षकाला आपल्या मुलाची माया होती म्हणावे, तर येथे परीक्षकाने उत्तरपत्रिका उघडलीच नव्हती.

अवास्तव भीती घालणारी सूचना निरुपद्रवी आहे, असे कोणी समजू नये. प्रत्येक पावसाला धरण फुटल्याची दवंडी पिटली, तर खरोखर धरण फुटेल त्या दिवशी लोक अंथरुणातून उठणार नाहीत. २०१९ च्या एप्रिलमध्ये पल्स सिक्युअर या व्हीपीएन-यंत्रातील फटीची सूचना निघाली होती. गुण दहापैकी दहा, उपायही त्याबरोबरच उपलब्ध. ती सूचना तंतोतंत खरी होती. असे असूनही जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेला पुन्हा इशारा द्यावा लागला, कारण दुरुस्ती न केलेल्या यंत्रांवर हल्ले चालूच होते. हजारो सूचनांच्या गर्दीत खऱ्या दहा गुणांनाही वजन उरत नाही. म्हणूनच सिसाने नोव्हेंबर २०२१ मध्ये एक निराळी यादी सुरू केली. तीत ज्या फटींचा दुरुपयोग प्रत्यक्ष झाल्याचे ठाऊक आहे, तेवढ्याच नोंदविल्या जातात. गुणांपेक्षा घडलेली गोष्ट पाहावी, हा त्या यादीचा मार्ग मला शहाणपणाचा वाटतो.

तिसरी चूक उपायाच्या वर्णनात होते. पुन्हा इव्हान्टीचेच यंत्र, पण वर्ष २०२४. १० जानेवारीला दोन फटी जाहीर झाल्या. व्होलेक्सिटी या संस्थेला त्यांचा दुरुपयोग आदल्या डिसेंबरातच आढळला होता. पक्की दुरुस्ती महिनाअखेरीस येऊ लागली. तोवर तात्पुरता उपाय दिला गेला, आणि यंत्रात कोणी शिरले आहे की नाही हे तपासण्याचे साधनही होते. ३१ जानेवारीला सिसाने अमेरिकी केंद्र सरकारच्या नागरी खात्यांना ही यंत्रे दोन दिवसांच्या आत जाळ्यावरून काढून ठेवण्याचा आदेश दिला. पुढे २९ फेब्रुवारीला सिसा व तिच्या सहकारी संस्थांनी असे कळविले की ते तपासणी-साधन घुसखोरी पकडेलच असा भरवसा धरता येत नाही. दुरुस्ती करून यंत्र मूळ स्थितीस आणल्यानंतरही हल्लेखोर टिकून राहिल्याचे एकही उदाहरण प्रत्यक्षात आढळलेले नाही, असे कंपनीने त्यावर सांगितले. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. पण ज्याच्या खांद्यावर यंत्राची जबाबदारी आहे, त्या माणसाने रात्री निजावे की जागावे, हे त्या दोन विधानांच्या मधल्या जागेत अडकून पडते. सूचनेत 'दोष आढळला नाही' असे लिहिणे आणि 'दोष नाही' असे लिहिणे यांत केवढे अंतर आहे, हे व्याकरणाच्या तासाला सांगितले तर मुले हसतील. येथे ते अंतर फार महाग पडते.

चौथी चूक म्हणजे दोष नेमका कोणाच्या दारी मांडावयाचा, हे न उलगडणे. मे २०२४ मध्ये लेव्हायथन सिक्युरिटी या संस्थेच्या संशोधकांनी टनेलव्हिजन या नावाने एक प्रकार उघडकीस आणला. आपण एखाद्या परक्या वाय-फायला जोडले जातो, तेव्हा तेथील व्यवस्था आपल्या संगणकाला पत्ता देते, आणि कोणत्या रस्त्याने जावे हेही सांगू शकते. ही रस्ता सांगण्याची सोय २००२ पासूनच्या प्रमाणनियमात आहे. तेथील व्यवस्थाच दुष्ट हाती असेल, तर ती संगणकाला पेटीच्या बाहेरचा रस्ता दाखविते. पेटीचे कुलूप शाबूत, व्हीपीएन चालू असल्याची खूणही समोर, आणि माल मात्र उघड्यावरून चाललेला. मग ही फट व्हीपीएनची म्हणावी, संगणकाच्या मूळ प्रणालीची म्हणावी, की त्या जुन्या नियमाची? यावर जाणकारांतही मतभेद झाले. अँड्रॉइड फोनवर हा प्रकार चालत नाही, कारण त्यात ती सोय घेतलेलीच नाही. अशा प्रसंगी नुसते 'व्हीपीएन फुटले' असे लिहिणारी सूचना चूक ठरते, आणि 'व्हीपीएनमध्ये काही दोष नाही' असे म्हणणारा खुलासाही वाचकाची फसवणूकच करतो.

मग खरी सूचना कशी असावी? मराठीच्या शिक्षकाला येथे एकनाथ महाराजांची आठवण होणे स्वाभाविक आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रती हातोहात उतरत जाऊन पाठ बिघडले होते. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ च्या सुमारास, त्या ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली. त्यांच्या कार्यातील एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. आपण हे शुद्धीकरण केले आणि ते अमुक शकात केले, याची नोंद त्यांनी ग्रंथाच्या शेवटी ठेवली. दुरुस्ती गुपचूप केली नाही. पुढच्या वाचकाला आपल्या हातातील प्रत कोणती, हे त्यामुळे कळू शकते.

सुरक्षेच्या सूचनेलाही हाच नियम लावावा. काय ठाऊक आहे, काय अनुमान आहे आणि काय अजून तपासलेले नाही, हे तीत वेगवेगळे लिहिलेले असावे. मत बदलले तर केव्हा आणि कशामुळे बदलले, हे तारखेसह नोंदवावे, आणि जुना मजकूर पुसू नये. पहिल्याच दिवशी सर्व काही बिनचूक कळेल, ही अपेक्षा अवास्तव आहे. पाणी तपासून येईपर्यंत कोणाही मुख्याध्यापकाला ते कळत नाही. पण 'तपासणी व्हावयाची आहे' एवढे तीन शब्द लिहिणे त्याच्या हाती असते. मी ते लिहिले नाहीत.

आपल्यापैकी बहुतेकांना या सूचना स्वतः वाचण्याचा प्रसंग येणार नाही, तरी त्यांची सावली घरापर्यंत पोहोचते. म्हणून पुतण्याशी बोलून ठरविलेल्या चार गोष्टी सांगतो. फोनवर, संगणकावर किंवा घरच्या राउटरवर नवी आवृत्ती आल्याचे दिसले, की 'गंभीर' शब्दाची वाट न पाहता ती बसवून घ्यावी. फेब्रुवारी २०२५ ची हकिकत एवढ्यासाठीच सांगितली. ज्या उपकरणाला निर्मात्याने दुरुस्त्या देणे थांबविले आहे, ते चालत असले तरी निवृत्त करावे. प्रवासात हॉटेलच्या वा स्थानकाच्या वाय-फायवरून कचेरीचे किंवा बँकेचे काम करण्याऐवजी आपल्या फोनचाच हॉटस्पॉट वापरावा. आणि घरातील मूल रात्री उशिरा 'यंत्रे बंद करून दुरुस्ती करावयाची आहे' असे म्हणाले, तर जेवणाचे ताट झाकून ठेवावे, त्याच्यावर रागावू नये. त्याने बहुधा एखादी सूचना खरी मानलेली असते.

त्या पावसाळ्यानंतर मी शाळेत एक रीत पाडली. सूचनेत चूक झाली तर कागद काढावयाचा नाही. त्यावर तांबड्या शाईची आडवी रेघ मारून शेजारी नवा कागद लावावयाचा, आणि दोहोंवर तारीख घालावयाची. फलक त्यामुळे ओंगळ दिसतो, अशी तक्रार एका तपासणी अधिकाऱ्यांनी केली होती. मी त्यांना ती हकिकत सांगितली, आणि त्यांनी तो शेरा वहीत लिहिला नाही. त्या मुलाची आई त्यानंतर पुन्हा शाळेत आल्याचे मला आठवत नाही. आली असती, तर तिला दोन्ही कागद जागेवर दिसले असते.